दुसऱ्या खेळाडूची बटणं

कोंड्याचा मांडा करण्यात सुताराचा हात कुणी धरला नसता. बायकोला लहानपणीच्या व्हिडिओ गेमची फार आठवण यायची, म्हणून त्यानं टेबलावर मावेल असं गेमचं खोकं घरीच बनवलं. फळ्या मोडक्या कपाटाच्या, पडदा भंगारातल्या संगणकाचा. खरी बटणं मात्र एकाच खेळाडूपुरती परवडली. दुसऱ्याच्या जागी त्यानं लाकडाची बटणं कोरली, रंगवली आणि सरसानं घट्ट चिकटवून टाकली.

"ही आपली नुसती शोभेची," तो म्हणाला होता.

"म्हणजे तुमच्यासारखीच!" बायको खळखळून हसली होती.

आज दुपारी तो कामावरून लवकर परतला, तर आतून तेच हसणं ऐकू आलं. ती दाराकडे पाठ करून खेळत बसली होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

"अहो, किती वेळा हरवाल? एकदा तरी जिंकू द्या की मला!"

सुतार दारातच थबकला. पडद्यावर दोघं झुंजत होते. रिकाम्या स्टुलासमोरचं लाकडी बटण खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. खट्. खट्.

"आणि हात किती गार पडलेत हो तुमचे!"

जिवाच्या आकांतानं त्यानं तिला हाक मारली.

खटखट थांबली. बायकोनं मान वळवली. दाराकडे नाही, रिकाम्या स्टुलाकडे.

"एवढं ओरडताय कशाला? शेजारीच तर बसलेय मी."