प्लगच्या भोकावर अंगठा

"भाऊजी, करंट आहे, पेट्रोल येतंय, तरी गाडी चालू होत नाही. ताई उगाच तुमचं कौतुक करते," मेहुणा स्टिअरिंगमागून म्हणाला. सकाळपासून डोकं खात होता.

मी बॉनेट उघडून इंजिनाचा स्पार्क प्लग काढला. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा जोर, बघायला भोकावर अंगठा दाबून धरला.

"मार सेल्फ."

इंजिन फिरलं, पण अंगठ्याला हवेचा धक्का काही बसला नाही. "पुरे," मी म्हणालो. त्याने किल्ली काढली आणि माझ्या अंगावर फेकली.

इंजिन थांबलं. मग हवा यायला लागली. कोमट, संथ. यायची, परत आत जायची.

"आता काय राहिलं?" तो खेकसला.

मी अंगठा उचलणार, तेवढ्यात आतून एक अंगठा माझ्या अंगठ्याला येऊन टेकला आणि माझ्यासारखाच दाबून जोर बघू लागला.