खंडोबाचं उष्टं ताट

चंपाषष्ठीला द्वारकाबाईंनी खंडोबाचं ताट वाढलं, तोच ओट्यावरच्या यंत्राने काचेचा डोळा ताटावर रोखून भरताच्या वाटीत सुई बुडवली.

"मीठ जास्त. ताट नामंजूर," यंत्र म्हणालं.

"देवाच्या आधी उष्टं केलंन मेल्यानं," द्वारकाबाई लेकावर कडाडल्या.

हे यंत्र त्यानेच, हेरंबनेच, बनवलेलं. "आई, त्याला जीभ कुठंय? आणि आता कायदाच आहे. त्यानं तपासल्याशिवाय कुणालाच वाढायचं नाही, देवालाही नाही."

"जीभ नाही, तरी माझ्या भरताला नावं ठेवतंय?"

हेरंब ताट उचलायला वाकला. त्याला कोपराने बाजूला सारून द्वारकाबाईंनी ओल्या हाताने भंडारा घेतला आणि यंत्राच्या काचेच्या डोळ्यावर थापला.

"देवाआधी जेवलास, म्हणजे तूच देव. आता देवासारखा डोळे मिटून बस."

मग त्यांनी खंडोबासाठी दुसरं ताट वाढायला घेतलं.