चमचाभर तेल

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याच्या हिरव्या डगल्यावर रक्त होतं.

"आजोबा, रक्त थांबत नाहीये. आजी रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? ॲस्पिरिन? दुसरं काही?"

येलिझार बाकावरून उठला. "नाही रे बाबा. साधी डोकेदुखीची गोळी नाही. एकाहत्तर वर्षांत माझ्या बायकोनं, कापानं, औषधाला हात लावलेला नाही."

"नक्की?"

"त्या राईसाला विचार. सकाळी तिनंच लिहून घेतलंय."

टेबलामागच्या नर्सनं, राईसानं, कागद वर धरला. औषधं: नाही. ॲलर्जी: नाही. ॲलर्जीचं विचारलं तेव्हा कापा म्हणाली होती, "आहे ना, हा काय समोर बसलाय. पन्नास वर्षं झाली, खाज थांबत नाही." राईसा इतकी हसली होती की तिला पुढचा रकाना सापडेना.

डॉक्टर आत पळाला.

"बसा, येलिझारकाका," राईसा म्हणाली. "पित्ताशयाचं तर काम. आठवड्याला चार होतात इथं."

तो बसला. मांडीवरच्या पिशवीत कापाचा चष्मा होता, टॉवेल होता आणि एक बाटली. टॉवेलला डाग नको म्हणून त्यानं बाटली बाहेर काढली आणि झाकण आवळलं.

डॉक्टर पुन्हा आला. रक्ताच्या आणखी दोन पिशव्या हव्या होत्या. राईसा फोन लावत होती तेवढ्यात त्याची नजर बाटलीवर गेली. तो दूर उत्तरेकडचा. रशियातल्या या अल्ताय भागात येऊन त्याला दोनच महिने झाले होते.

"ते काय आहे?"

"हे? तेल. ओब्लेपीखाचं. शुद्धीवर आली की पहिलं हेच मागेल बघ. आमच्याच कुंपणाची झाडं. काटे सांभाळत एकेक फळ तोडायचं, बोटं बघ कशी झालीत." त्यानं नारिंगी बोटं पुढे केली.

"त्या पितात हे?"

"पोटात जळजळतं ना तिला. हिवाळ्यापासून सकाळ-संध्याकाळ चमचाभर. काल रात्री दोन दिले. ताकद यावी म्हणून."



"यानं रक्त गोठायला वेळ लागतो, आजोबा. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी बंद करायचं असतं. मी दोनदा विचारलं तुम्हाला."

"तू औषधाचं विचारलंस," येलिझार म्हणाला. "ही तर ओब्लेपीखा आहे."

डॉक्टर आत गेला.

येलिझारनं राईसाकडे पाहिलं. राईसा इथलीच होती. "अगं, सांग ना त्याला. घराघरात असते म्हणावं."

राईसानं वर पाहिलं नाही. तिच्या मागे खिडकीच्या कट्ट्यावर, चहाच्या कपाशेजारी, तसलीच एक बाटली होती. वर चमचा आडवा ठेवलेला. मागे हात नेऊन तिनं ती उचलली आणि टेबलाच्या खणात घातली. खण पुरता बंद होईना.

तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा डॉक्टरला घाई नव्हती.

येलिझार उठला. हातातली बाटली कुठं ठेवावी ते त्याला कळेना.