रिकामा तळहात

मराठवाड्याचं लाल गणराज्य कोसळून महिना झाला होता, तरी दारात भुजंग दिसताच उमाबाईनं दार अर्धं लोटून घेतलं. देवधर्मावर बंदी होती तेव्हा कंधारात घरोघरी झडती घ्यायचा, तो हाच. आज तो हात जोडून उभा होता. “अक्का, माय गेली. आपल्या लिंगायत रीतीनं माती द्यायचीय, पण तिच्या तळहातावर ठेवायला इष्टलिंग न्हाई. तिचं मीच जप्त केलतं.” हा डाव तर नसंल? उमाबाई त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिनं भिंतीवरची गणराज्याच्या अध्यक्षांची तसबीर उतरवली. दर झडतीला भुजंग आधी त्या तसबिरीलाच सलाम ठोकायचा. मागं त्याच खिळ्याला एक पुरचुंडी लटकत होती. “माझ्या मालकाचं हाय. मातीच्या वक्ताला तू पहाऱ्यावर व्हतास म्हणून त्यांना रिकाम्या हातानं पुरलं.” भुजंगची मान खाली गेली. तिनं पुरचुंडी त्याच्या ओंजळीत टाकली. “तुझ्या मायनं कुणाची झडती घेतली नव्हती.”