वृषालीचा ट्रायपॉड

धाकट्या जावेचा, वृषालीचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा व्हिडिओ चाळीस हजार जणांनी पाहिला, तेव्हापासून रूपाला जेवण गोड लागेना. वृषालीचं चित्र कसं संथ सरकायचं! रूपा एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने भाकरी उलटायची, त्यामुळे तिच्या व्हिडिओत तवासुद्धा हलायचा.

शेवटी ती धरणगावहून एकटीच जळगावला कॅमेऱ्याच्या दुकानात आली. "वृषाली पाटील तुमच्याकडूनच सामान नेते ना? तिच्या ट्रायपॉडपेक्षा भारी दाखवा."

दुकानदाराने एक ट्रायपॉड मांडला, त्यावर मोबाईल लावला आणि हँडल फिरवलं. वरचा मोबाईल जराही न हलता अलगद वळला.

"ताई, शूटिंग कोण करणार?"

"मीच."

"आणि स्वयंपाक?"

"तोही मीच."

"मग हा घ्याच. वृषालीताईंनी फक्त माईक नेला. ट्रायपॉड त्यांच्या मिस्टरांनीच नको म्हटलं. म्हणाले, मी आहे ना मोबाईल धरायला."

रूपाने ट्रायपॉड घेतला. बसस्टँडवरून तिने नवऱ्याला फोन करून ट्रायपॉड घेतल्याचं सांगितलं.

"बरं व्हयनं," ज्ञानेश्वर म्हणाला. "आते मोबाईल धर म्हनीसन माले हाक नको मारू."