मागच्या गाडीत

सकाळी सव्वानऊला अमेरिकेत गॅलप गावाच्या पुढे महामार्ग पोलिसाने वेंडेल प्रुएटचं मोटारघर, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, कडेला घ्यायला लावलं. मागे त्याची छोटी गाडी जोडलेली होती. निवृत्तीनंतर वेंडेलने अशी गाडी ओढून नेण्याचे राज्याराज्यांचे नियम पाठ केले होते आणि प्रवासभर तो ते बायकोला, मर्नाला, ऐकवत असे.

"साखळ्या, दिवे, मागचा ब्रेक, सगळं जागच्या जागी आहे," तो उतरता उतरताच म्हणाला.

"दिसतंय साहेब. पण ओढलेल्या गाडीत माणूस बसवता येत नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"मग त्या बाई कोण?"

छोट्या गाडीत मर्ना विणत बसली होती. सकाळी पेट्रोल भरल्यापासून ती मोटारघरात मागच्या पलंगावर झोपली आहे, असं वेंडेल धरून चालला होता.

"इथे याचा आवाज येत नाही हो," काच खाली करून तिने पोलिसाला सांगितलं.

"मॅडम, एक तर पुढे यांच्याशेजारी बसा, नाहीतर ही गाडी सोडवून स्वतः चालवत न्या. त्याला कायद्याची हरकत नाही."

"बघ वेंडेल, एवढा एकच नियम सांगायचा राहिला तुझा."

वेंडेलने गाडी सोडवून दिली. मग पोलिसाला हळूच विचारलं, "पण तिने माझ्या मागोमागच यायचं, असं काहीतरी असेलच ना?"

"नाही साहेब. तसं काही नाही."



दुपारी तीनला मोटारघर फ्लॅगस्टाफच्या मुक्कामी पोचलं. छोटी गाडी अजून आलेली नाही, आणि मर्नाचा फोन लागतो, पण ती उचलत नाही.