तानीची बाव

"सापडला!" मुंबईहून आलेली किंजल ओरडली आणि ओटीवर बसलेल्या तात्यांच्या पोटात दुखायला लागलं.

विहिरीच्या कठड्याच्या फटीतून तिनं प्लास्टिकचा चपटा डबा ओढून काढला. आत एक कीचेन, दोन-चार शिंपले, कुणाची तरी काचेची बांगडी. तिनं शिंपला घेतला, आपली केसांची क्लिप आत टाकली आणि झाकण लावून डबा होता तिथं परत सरकवला. खेळच तसा होता. बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या कैलासनं केळव्यातल्या जुन्या जुन्या जागी असे डबे लपवून ठेवले होते. मोबाइल जागा दाखवायचा आणि तिथली गोष्टही सांगायचा. त्यामुळे रविवारी समुद्रावर येणारी मुंबईची माणसं वाळू सोडून गावात हिंडायला लागली होती. जिओकॅशिंग म्हणतात म्हणे. तात्या त्याला नसत्या उचापती म्हणत.

म्हणणारच. आजवर पाहुण्यांना गाव दाखवायचं ते तात्यांनीच. कैलास वाशिमकडचा; त्यालाही त्यांनीच दाखवलं. सुट्टीच्या दिवशी याच ओटीवर बसून, तात्यांच्या बायकोच्या, सुलूकाकूंच्या हातचा चहा पीत त्यानं एकेक गोष्ट ऐकली आणि नेऊन मोबाइलमध्ये भरली. आता लोक मोबाइलकडे बघत ओटीसमोरून सरळ निघून जात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पण ही विहीर तात्यांच्या स्वतःच्या सुपारीच्या वाडीतली. इथं तरी आपल्याला विचारल्यावाचून चालणार नाही, असं त्यांना वाटलं. ते उठले, खांद्यावरचा पंचा झटकला आणि किंजलजवळ जाऊन उभे राहिले. डबा बरोबर जागी ठेवला की नाही ते पाहायला कैलासही तिथं थांबला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"या बावेची एक गंमत हाय," ते किंजलला म्हणाले. "माज्या पणज्याच्या वेलेला हितल्या सगल्या बावी खाऱ्या झाल्या..."

"हो, तानीची गोष्ट ना?" किंजल म्हणाली. "वाचली मी. नवी विहीर खणायचं चाललं होतं, तिथे ती माती वाहायला यायची. बाळाला गोणपाटावर निजवलं, तर गोणपाट खालून ओलं! सगळे हसले, म्हणाले, पोरानंच भिजवलं असणार. पण ती हटूनच बसली, इथेच खणा म्हणून. आणि पाणी गोड निघालं! किती छान ना?"

गोणपाटापाशी तात्या नेहमी थांबत. समोरच्याला पोटभर हसू द्यायचं, चहाचा एक घोट घ्यायचा आणि मग सावकाश पाणी लागू द्यायचं. या पोरीनं सगळं एका दमात उरकलं. आणि तो कैलास मागं उभा राहून कौतुकानं मान डोलावत होता, जशी काही तानी त्याच्या वाशिमची! तात्यांचा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात सुलूकाकू झाडांमधून आल्या. त्यांच्या ओंजळीत यंदाची पहिली सुपारी होती, सालासकट, केशरी. पहिली सुपारी उतरली की घरात न्यायच्या आधी ती विहिरीजवळच्या दगडाशी तानीच्या नावानं ठेवायची, ही या घराची रीत; ती ठेवायला त्या दगडाशी वाकल्या. तानीचं गावात दुसरं काहीच नव्हतं. घर नाही, वंश नाही. हा एक दगड आणि ही गोष्ट.

"चुकलाय तो," तात्या म्हणाले.

"काय चुकलं, तात्या?" कैलासनं विचारलं.

"तानीबिनी कोन नव्हती. माज्या पणज्याच्या सपनात देवी आली. तिनं जागा दाखवली, पणज्यानं खणली."

"अवो, काय बोलता तुमी?" सुलूकाकू म्हणाल्या.

"तू मदे पडू नको."

किंजलनं मोबाइल खाली केला आणि आल्यापासून पहिल्यांदाच तात्यांकडे नीट पाहिलं. "म्हणजे खरी गोष्ट यात नाहीच?"

"त्याच्यात कशी असंल? ती हितं हाय." तात्यांनी छातीवर हात ठेवला. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. "देवी हिरव्या साडीत व्हती," त्यांनी आणखी घातलं. किंजल ऐकत राहिली.

कैलासचा चेहरा उतरला. आता हा म्हणेल, तुम्हीच तर सांगितलं होतं. म्हणू दे. भांडायला तात्या कंबर कसून तयार होते.

पण कैलास भांडला नाही. पुढं येऊन त्यानं हात जोडले.

"माफ करा, तात्या. माझ्याच ऐकण्यात गफलत झाली असेल. तुमच्या घरची गोष्ट, तुमच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? आत्ताच्या आत्ता बदलतो." आणि तिथंच उभ्या उभ्या त्यानं मोबाइलवर अंगठा चालवायला सुरुवात केली. मध्येच त्यानं मान वर केली. "साडी हिरवीच ना, तात्या? परत चूक नको."

तात्यांची मान कशीबशी हलली.

"झालं. तानीचं सगळं काढून टाकलं."

किंजलनं आपल्या मोबाइलवर पाहिलं. "हो, गेली."

दगडाशी सुलूकाकू अजून वाकलेल्याच होत्या. त्यांनी ओंजळ तशीच धरून नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग ही आता कोनाच्या नावानं ठेवू?"